न लढलेल्या लढायांचा सेनापती

रोममधल्या सुखवस्तू घरांत एक गुलाम खास एका कामासाठी असे. मुलगा शाळेला निघाला की त्याचं दप्तर उचलायचं आणि मागे मागे चालायचं. इ.स.पू. २१७ च्या उन्हाळ्यात रोमच्या छावणीत अशी थट्टा चालली होती की आपल्या सरसेनापतीनं हीच नोकरी धरली आहे, फक्त मुलाच्या जागी हॅनिबल आहे. हॅनिबल पुढे जाई, हा मागोमाग. हॅनिबल मुक्काम करी, हा समोरच्या डोंगरावर तंबू ठोकी. हॅनिबल खाली गावं पेटवी, हा वरून धूर बघे.

थट्टेचा विषय झालेला हा गृहस्थ म्हणजे क्विंटस फेबियस मॅक्सिमस. वय साठीच्या घरात, दोनदा कॉन्सल होऊन गेलेला, घराणं रोमच्या सर्वांत जुन्या घराण्यांपैकी. टोपणनावं त्याला लहानपणापासूनच चिकटत आली होती. वरच्या ओठावर चामखीळ होता, म्हणून ‘चामखिळ्या’. स्वभाव शांत, बोलणं कमी, शिकायला वेळ लागायचा, म्हणून ‘कोकरू’. तिसरं नाव युद्धानं दिलं: कुंक्टेटर, म्हणजे दिरंगाई करणारा. ही सरळ सरळ शिवी होती. पुढच्या दोन हजार वर्षांत तिची पदवी झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात या माणसाच्या नावानं वाद झाले, लंडनच्या समाजवाद्यांनी त्याच्या नावानं संस्था काढली, युद्धशास्त्राच्या पुस्तकांत त्याच्या नावाचं डावपेचाचं एक अख्खं दालन तयार झालं. प्रत्येकानं त्याला आपापल्या सोयीनं घडवलं. ते कसं, हे बघण्याआधी त्यानं मुळात काय केलं तेवढं सांगतो.

इ.स.पू. २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. त्याच हिवाळ्यात ट्रेबिया नदीकाठी त्यानं रोमची फौज मोडली. पुढच्या जूनमध्ये ट्रासिमीन सरोवराच्या काठी, सकाळच्या धुक्यात, दुसरी फौज दबा धरून कापली. कॉन्सल फ्लामिनियस आणि त्याच्याबरोबर सुमारे पंधरा हजार माणसं तिथे पडली. रोमनं मग आणीबाणीचा उपाय काढला आणि सहा महिन्यांपुरता एक सर्वाधिकारी नेमला. तो फेबियस.

त्याचं पहिलं काम लष्करी नव्हतं. त्यानं धर्मग्रंथ उघडायला लावले, नवस बोलायला लावले, देवळं बांधण्याची वचनं दिली. फ्लामिनियसनं अपशकुनांकडे दुर्लक्ष केलं म्हणून हे झालं, असं त्यानं लोकांना सांगितलं. याला भाबडेपणा म्हणायचं तर म्हणा. मला त्यात भेदरलेल्या शहराच्या हाताला काम देणारा जुना मुत्सद्दी दिसतो.

मग तो हॅनिबलच्या मागे निघाला. घोडदळ चालणार नाही अशा उंच जागा धरायच्या, घाट रोखायचे, आणि धान्य-वैरण गोळा करायला बाहेर पडणाऱ्या टोळ्यांवर तुटून पडायचं. मोठी लढाई द्यायची नाही. हिशेब साधा होता. हॅनिबलचे सैनिक मुरलेले होते, पण समुद्रापार घर सोडून आले होते. मेलेल्याच्या जागी दुसरा माणूस येणार नव्हता, आणि रोजचं अन्न रोज लुटावं लागत होतं. रोमचे सैनिक कच्चे होते, पण एक गेला तर दहा उभे राहत होते.

मराठी वाचकाला इथे गनिमी कावा आठवणार. पण जरा थांबावं. शिवाजी महाराजांच्या युद्धाचा जीव वेगात होता: अवचित छापा, आणि शत्रू सावरायच्या आत पसार. फेबियसकडे वेग नव्हताच. या गोष्टीत परक्या मुलखात झपाट्यानं फिरणारा, चकवणारा, रात्रीचे डाव टाकणारा हॅनिबल आहे. कॅम्पेनियाच्या खोऱ्यात फेबियसनं त्याला कोंडलं, तेव्हा हॅनिबलनं दोन हजार बैलांच्या शिंगांना पेटत्या मोळ्या बांधून त्यांना डोंगरावर पिटाळलं. घाटावरचे पहारेकरी त्या उजेडाच्या मागे धावले आणि खालून अख्खी फौज निसटली. फेबियस छावणीतच राहिला. अंधारात कसला डाव आहे कळत नाही, तेव्हा हलायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं.

या संयमाची किंमत होती, आणि ती त्यानं एकट्यानं भरली नाही. हॅनिबलच्या वाटेवरच्या लोकांनी घरंदारं सोडावीत, घरं आणि पिकं जाळून टाकावीत, असा त्याचा हुकूम होता. रोमन इतिहासकार लिव्हीनं तो नोंदवला आहे. फालेर्नियन द्राक्षमळ्यांचा सुपीक मुलूख हॅनिबलनं लुटला तो रोमच्या फौजेच्या डोळ्यांदेखत. त्या शेतकऱ्यांना डोंगरावर बसलेली आपली फौज कशी दिसली असेल? हॅनिबलनं यात एक खोडी काढली. सगळीकडे आग लावताना त्यानं फेबियसची स्वतःची जमीन तेवढी सोडली, म्हणजे रोममध्ये संशय उठावा. फेबियसनं ती जमीन विकली आणि तो पैसा कैद्यांच्या सुटकेला लावला. पुढच्या लेखकांना ही गोष्ट फार आवडली. जळालेल्या शेतांची तेवढी आवडली नाही.

त्याचा दुय्यम अधिकारी मिनुकियस उतावळा होता. एका चकमकीत त्याला थोडं यश मिळालं आणि रोमच्या लोकसभेनं त्याला फेबियसच्या बरोबरीचा अधिकार देऊन टाकला. फौज दोघांत वाटली गेली. मिनुकियस लगेच हॅनिबलच्या सापळ्यात सापडला, फेबियसनं डोंगरावरून उतरून त्याला वाचवलं, आणि मिनुकियसनं सगळ्या सैन्यासमोर त्याला ‘बाबा’ म्हटलं. नाटकात शोभावा असा प्रसंग आहे, आणि म्हणूनच जपून घ्यावा. रोममध्ये मिनुकियसनं हर्क्युलिसला वाहिलेला एक दगड सापडला आहे. त्यावर तो स्वतःला सर्वाधिकारी म्हणवतो. म्हणजे ग्रंथांत तो उद्धट शिष्य असला, तरी त्या वर्षी रोमला दोन सर्वाधिकारी होते आणि दुसरा देवाला जाहीर नवस बोलण्याइतका ताठ होता. शिवाय रोमचा पहिला इतिहासकार फेबियस पिक्टर हा याच फेबियस कुळातला. नंतरच्यांनी त्याच्या ग्रंथावरून लिहिलं. नायकाची पहिली मूर्ती भाऊबंदांनी घडवली असण्याचा दाट संभव आहे.

मुदत संपली, फेबियस घरी गेला. पुढच्या वर्षी, २१६ च्या २ ऑगस्टला, कॅनीच्या मैदानात रोमनं हवी होती ती मोठी लढाई दिली. सुमारे ऐंशी हजारांची फौज उतरली. प्राचीन ग्रंथांतला सर्वांत कमी आकडा धरला तरी मेलेले पन्नास हजारांच्या जवळपास. मेलेल्यांत मिनुकियसही होता.

त्यानंतर कोणी फेबियसला हसलं नाही. रोमनं त्याचीच रीत पुन्हा धरली आणि तेरा वर्षं चालवली. त्याच्या जोडीला मार्सेलस होता, धडाडीचा. फेबियस रोमची ढाल आणि मार्सेलस तलवार, असं लोक म्हणत. हॅनिबलही दोघांना ओळखून होता. पण पुढच्या लेखकांनी जोडी फोडली. ढाल ठेवली, तलवार विसरली.

शिवीचं स्तोत्र प्रथम केलं ते कवी एन्नियसनं. इटलीच्या टाचेकडच्या एका गावातला हा माणूस, युद्धाच्या शेवटी कॅटोबरोबर रोमला आला. त्यानं रोमचा इतिहास महाकाव्यात रचला आणि त्यात फेबियसबद्दल एक ओळ घातली. अर्थ असा की एकट्या माणसानं वेळ काढून राज्य सावरलं, आणि लोक काय म्हणतील यापेक्षा राज्याचं रक्षण त्यानं मोठं मानलं. एन्नियसचं महाकाव्य आज तुकड्यांतच उरलं आहे. ही ओळ टिकली, कारण ती सगळ्यांनी उसनी घेतली.

त्यानंतर आलेल्या पॉलिबियसला काव्याचं कौतुक नव्हतं. हा ग्रीक ओलीस म्हणून रोमला आलेला. कोणता पक्ष कशाच्या जोरावर लढतो ते तो मोजे. फेबियसचं यश त्यानं धीरोदात्तपणात नाही, पुरवठ्यात शोधलं. युद्धाच्या काही वर्षं आधी, गॉलांच्या स्वारीच्या वेळी, रोम आणि तिच्या मित्रांकडे शस्त्र धरू शकणारे सात लाखांवर पायदळ आणि सत्तर हजारांवर स्वार होते, असा आकडा तो देतो. ज्याच्याकडे हे कोठार आहे त्यानं थांबावं. ज्याच्याकडे नाही, त्याचं थांबणं म्हणजे उपासमार. मला हा आकडा या साऱ्या परंपरेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच नंतरच्या चरित्रांतून गळत गेला. उरला तो एका माणसाचा स्वभाव.

सिसेरोनं तो स्वभाव नीतीच्या पुस्तकात नेला. इ.स.पू. ४४ मध्ये, सीझरच्या खुनानंतरच्या गोंधळात, त्यानं मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात एका बाजूला स्पार्टाचा क्लिओंब्रोटस आहे. लोकांच्या रोषाला भिऊन तो घाईनं लढाईत उतरला आणि स्पार्टाचं वैभव बुडालं. दुसऱ्या बाजूला फेबियस आहे आणि एन्नियसची ती ओळ. नेत्यानं निंदा सोसावी, हा धडा. त्याच वर्षीच्या वार्धक्यावरच्या ग्रंथात म्हातारा कॅटो तरुणपणी पाहिलेल्या फेबियसची आठवण काढतो. तिथे टॅरेंटम शहराचा एक विनोद आहे. किल्ला सांभाळून बसलेला रोमन अधिकारी बढाई मारतो, की माझ्यामुळे तुम्हाला शहर परत मिळालं. फेबियस हसून म्हणतो, अगदी खरं, तू ते गमावलं नसतंस तर मला परत घ्यावंच लागलं नसतं. कोकरू म्हणून हिणवलेल्या माणसाला चांगलीच जीभ होती.

व्हर्जिलनं आपल्या महाकाव्यात पाताळातल्या भावी रोमन वीरांच्या रांगेत फेबियसला उभं केलं आणि एन्नियसची ओळ जवळपास तशीच वापरली. सम्राट ऑगस्टसनं तीच ओळ सावत्र मुलगा टायबेरियसला लिहिलेल्या पत्रात घातली, पण ‘वेळ काढून’च्या जागी ‘जागरूक राहून’ असा बदल करून. राजाला दिरंगाईचं कौतुक परवडत नाही. एका शब्दानं त्यानं प्रजासत्ताकाच्या सेनापतीला साम्राज्याचा पहारेकरी करून टाकलं.

प्लुटार्कचं मात्र वेगळं. त्यानं फेबियसची जोडी अथेन्सच्या पेरिक्लीसशी लावली आणि ही निवड अचूक होती. स्पार्टाचं सैन्य भोवतालची शेतं जाळत होतं तेव्हा पेरिक्लीसनंही लोकांना तटाच्या आत धरून ठेवलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या. शिवाय प्लुटार्कनं म्हातारपणीची एक गोष्ट झाकली नाही. इ.स.पू. २०५ मध्ये तरुण सिपिओ म्हणाला, मी आफ्रिकेत उतरतो, कार्थेजच्या दारात लढतो, म्हणजे हॅनिबलला इटली सोडावी लागेल. फेबियसनं सिनेटमध्ये कडाडून विरोध केला. सुरुवातीला ती सावधगिरी होती, पुढे तिच्यात मत्सर मिसळला, असं प्लुटार्क म्हणतो. सिपिओला पैसा मिळू नये अशीही खटपट फेबियसनं केली. सिपिओ तरी गेला. हॅनिबलला परत बोलावणं आलं. फेबियस इ.स.पू. २०३ मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी झामाच्या मैदानात सिपिओनं हॅनिबलला हरवलं.

म्हणजे ज्या माणसाला नेतृत्वाचा आदर्श म्हणून पुढे केलं गेलं, तो शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या प्रश्नावर चुकला होता. हे पंधराशे वर्षांत कोणाला खटकलं नाही असं नाही, पण त्यावर विचार रचला तो एकट्या मॅकियाव्हेलीनं.

मॅकियाव्हेली हे लिहीत होता तेव्हा बेकार होता. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा तो चिटणीस, आणि प्रजासत्ताकाचा प्रमुख होता पिएरो सोदेरिनी, सौम्य आणि सोशीक माणूस. १५१२ मध्ये मेदिची परतले, सोदेरिनी पळाला, मॅकियाव्हेलीची नोकरी गेली आणि पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात दोरावर लटकवण्यात आलं. मग गावाबाहेरच्या घरी बसून त्यानं लिव्हीच्या इतिहासावर चर्चा लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १५३१ मध्ये छापली गेली. तिच्या तिसऱ्या भागात काळाप्रमाणे बदलण्याबद्दलचं एक प्रकरण आहे, आणि त्यात फेबियस येतो.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. फेबियस थांबला तो विचार करून नव्हे, स्वभाव म्हणून. पुरावा काय? सिपिओला केलेला विरोध. काळ बदलला होता, रीत बदलायची वेळ आली होती, आणि त्याला ते दिसलं नाही. त्याचं चाललं असतं तर हॅनिबल इटलीतच बसून राहिला असता. तो रोमचा राजा असता तर ते युद्ध कदाचित हरलाच असता. पण तो राजा नव्हता. तो प्रजासत्ताकात जन्मला होता, आणि प्रजासत्ताकात तऱ्हेतऱ्हेचे लोक असतात. सोसायचा काळ होता तेव्हा रोमकडे फेबियस होता, जिंकायचा काळ आला तेव्हा सिपिओ. त्याच प्रकरणात सोदेरिनीचं नाव येतं. सबुरीनं वागून तो भरभराटला, सबुरी सोडायची वेळ आली तेव्हा त्याला ती सोडता आली नाही, आणि तो देशासकट बुडाला. आपल्या जुन्या वरिष्ठाबद्दल मॅकियाव्हेली हे किती शांतपणे लिहितो! त्या शांतपणाखाली दोराचे वळ आहेत.

आदर्श नेत्याच्या शोधात निघालेल्यांनी या प्रकरणापाशी थांबायला हवं होतं. मॅकियाव्हेलीच्या मते श्रेय फेबियसचं नाहीच. श्रेय त्या व्यवस्थेचं, जिनं त्याला योग्य वेळी बोलावलं आणि योग्य वेळी त्याचं ऐकलं नाही. हे एकदा मान्य केलं की आदर्श म्हणून पुढे करायला माणूस उरत नाही. म्हणूनच बहुधा हे प्रकरण वाचलं फार गेलं आणि वापरलं कमी गेलं.

अठराव्या शतकात फेबियस ही युरोपात सहज वापरायची उपमा झाली होती. फ्रेडरिक द ग्रेटशी सावधपणे लढणाऱ्या मारिया थेरेसाच्या डाऊन या सेनापतीला ऑस्ट्रियाचा फेबियस म्हणत, अर्धं कौतुकानं, अर्धं टोमण्यानं. पण या नावाला खरा नवा जन्म मिळाला तो अमेरिकेत.

ऑगस्ट १७७६ मध्ये लाँग आयलंडवर वॉशिंग्टनचा पुरता पराभव झाला. ८ सप्टेंबरला त्यानं काँग्रेसला कळवलं, की आपलं युद्ध बचावाचं असावं, सर्वस्व पणाला लागेल अशी मोठी लढाई टाळावी. फेबियसचं नाव त्यानं घेतलं नाही, ते इतरांनी घेतलं. त्या पिढीतल्या शिकलेल्या माणसाला लिव्ही आणि प्लुटार्क तोंडपाठ असत. पुढच्या वर्षी त्याचा तरुण सहायक अलेक्झांडर हॅमिल्टन एका पत्रात आपल्या ‘फेबियन’ वागण्याची बाजू मांडतो: लोक याला भित्रेपणा म्हणतील, म्हणू देत. तिकडे फिलाडेल्फियात जॉन अ‍ॅडम्स पत्नीला लिहीत होता की या फेबियन पद्धतींचा त्याला वीट आला आहे. अधिकारी लांबलचक, बेताच्या युद्धासाठी प्याले उंचावतात, त्याचा प्याला थोडक्यात संपणाऱ्या घनघोर युद्धासाठी. काही आठवड्यांतच, २६ सप्टेंबर १७७७ ला, ब्रिटिश फौज फिलाडेल्फियात शिरली. अ‍ॅडम्सची काँग्रेस त्याआधीच पळाली होती. रोममधल्या भांडणाची नक्कल वाटावी असा हा प्रसंग आहे, आणि भांडणाऱ्यांनाही तो तसाच वाटत होता.

पण वॉशिंग्टन फेबियस होता का? मॅकियाव्हेलीच्या कसोटीवर अजिबात नाही. हा माणूस मुळात तापट. बाविसाव्या वर्षी त्याच्या तुकडीनं केलेल्या गोळीबारातून फ्रेंचांशी युद्ध पेटलं. बोस्टनच्या वेढ्यात त्यानं पुन्हा पुन्हा थेट हल्ल्याचा आग्रह धरला आणि युद्धमंडळातल्या सेनापतींनी त्याला आवरलं. संधी दिसली की तो झडप घाली: नाताळच्या रात्री डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर, किंवा फिलाडेल्फिया गेल्यावर आठवडाभरात जर्मनटाऊनवर. थांबणं त्याचा स्वभाव नव्हता. परिस्थितीनं, सल्लागारांनी आणि दारूगोळ्याच्या तुटवड्यानं त्याला थांबायला शिकवलं. सात लाखांचं कोठार तर त्याच्याकडे कधीच नव्हतं. व्हॅली फोर्जच्या हिवाळ्यात सुमारे बारा हजारांतली दोन हजार माणसं रोगराईनं गेली, आणि आसपासच्या शेतकऱ्यांचे गोठे आणि कोठारं दोन्ही सैन्यांनी रिकामी केली. तो वारला तेव्हा शोकभाषणांत त्याला अमेरिकेचा फेबियस म्हटलं गेलं. जे त्याला कष्टानं जमलं, ते त्याला जन्मजात होतं असं ठरलं.

त्याच देशात पुढच्या शतकात या नावानं एक सेनापती बुडाला. यादवी युद्धात, १८६४ च्या उन्हाळ्यात, दक्षिणेचा जोसेफ जॉन्स्टन उत्तरेच्या शर्मनसमोर एकेक ठाणं सोडत अटलांटापर्यंत मागे आला. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसनं १७ जुलैला त्याला काढून धडाकेबाज हूडला नेमलं. हूडनं लगेच हल्ले चढवले, माणसं गमावली आणि २ सप्टेंबरला अटलांटा गेलं. जॉन्स्टनच्या चाहत्यांना यात फेबियस आणि मिनुकियस दिसले. पण गुलामगिरी टिकवायला निघालेल्या त्या राज्याकडे मागे सरकायला ना जागा उरली होती, ना माणसं. थांबून काय झालं असतं, याचं उत्तर आठवणींची जाडजूड पुस्तकं लिहूनही जॉन्स्टन आणि हूड यांपैकी कोणाला देता आलं नाही.

आणि मग लंडन. ४ जानेवारी १८८४ ला ऑस्नाबर्ग स्ट्रीटवरच्या एका बिऱ्हाडात काही मंडळी जमली. भुताखेतांच्या संशोधनात रमणारा, पोस्टखात्यात नोकरी करणारा फ्रँक पॉडमोर त्यांत होता. संस्थेला फेबियसचं नाव त्यानं सुचवलं. ब्रीदवाक्यही त्याचंच. आशय असा की फेबियसप्रमाणे निंदा सोसून योग्य वेळेची वाट पाहा, पण वेळ आली की फेबियसप्रमाणे जोरानं घाव घाला, नाहीतर वाट पाहणं फुकट. लवकरच बर्नार्ड शॉ आणि सिडनी वेब आले, आणि भांडवलशाही मोडायची ती अहवाल, समित्या आणि पालिका यांच्या वाटेनं, असं ठरलं. कासव हे त्यांचं चिन्ह.

ब्रीदवाक्याचा उत्तरार्ध मात्र इतिहासात सापडत नाही. फेबियसनं हॅनिबलवर तसा घाव कधी घातलाच नाही. तो दुसऱ्यानं घातला, आणि याच्या विरोधाला न जुमानता घातला. त्याचा एकच जोराचा घाव दाखवता येतो: इ.स.पू. २०९ मधलं टॅरेंटम. तेही फितुरीनं घेतलं. आतल्या ब्रुटियन शिबंदीच्या नायकाला एका बाईच्या भावाकरवी वळवलं, दार उघडलं गेलं, आणि मग त्या ब्रुटियनांनाच कापून काढलं. फितुरीची बातमी फुटू नये म्हणून, असं प्राचीनांनीच लिहून ठेवलं आहे. तीस हजार माणसं गुलाम म्हणून विकली. देवांच्या मूर्तींचं काय करायचं असं विचारल्यावर तो म्हणाला, टॅरेंटमवाल्यांना त्यांचे रागावलेले देव राहू द्या. विनोद चांगला आहे, शहर लुटलं गेल्यावरचा. कुठल्याच समाजवाद्याला हा घाव अभिप्रेत नसणार. त्यांना हवा होता तसा फेबियस मिळाला नाही, म्हणून त्यांनी तो रचला.

संस्थेच्या आतूनही कुरकुर झाली. एच. जी. वेल्सनं १९०६ मध्ये फेबियनांचे दोष दाखवणारा निबंध वाचला. इवलीशी संस्था, इवलीशी कामं, असा त्याचा सूर होता. दोन वर्षांत तो बाहेर पडला. १९२३ मध्ये मजूर पक्षाच्या परिषदेत सिडनी वेबनं हळूहळू होणारा बदल अटळ आहे असं सांगितलं, तेव्हा कासव अधिकृत धोरण झालं. १९२५ मध्ये ट्रॉट्स्कीनं ब्रिटनवरच्या पुस्तकात या मंडळींवर कोरडे ओढले.

आपल्याकडे या नावाचा धागा येतो तो दोन वाटांनी. १८८९ च्या ‘फेबियन एसेज’मधल्या सात लेखकांत अ‍ॅनी बेझंट होत्या. त्याच पुढे भारतात आल्या, आणि १९१६ मध्ये टिळकांची होमरूल लीग एप्रिलमध्ये बेळगावला निघाली, तशी यांची सप्टेंबरमध्ये मद्रासकडे. तोवर फेबियन सबुरी त्यांनी केव्हाच मागे टाकली होती. दुसरी वाट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची. हचिन्सन नावाच्या फेबियन सभासदानं मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून वेब दांपत्य आणि मित्रांनी ते १८९५ मध्ये काढलं. डॉ. आंबेडकरांनी तिथेच रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. यापलीकडे धागा ताणू नये. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन फेबियन नव्हते, आणि थांबा म्हणणाऱ्यांशी आंबेडकरांचं कधीच पटलं नाही.

युद्धाच्या पुस्तकांत फेबियसला परत आणलं लिडेल हार्टनं. १९१६ मध्ये सोमच्या आघाडीवर विषारी वायूनं होरपळलेला हा ब्रिटिश अधिकारी, समोरासमोर टकरा देणाऱ्या सेनापतींचा आयुष्यभर वैरी झाला. १९२६ मध्ये त्यानं सिपिओवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नेपोलियनपेक्षा मोठा ठरवलं. तीनच वर्षांनी निर्णायक युद्धांवरच्या पुस्तकात त्यानं फेबियसचीही पाठ थोपटली: वेळ काढणं हा नुसता वेळकाढूपणा नव्हता, त्याचा नेम शत्रूच्या मनावर आणि त्याला मिळू पाहणाऱ्या मित्रांवर होता. नेम बरोबर होता, पण लागला किती? कॅनीनंतर कॅपुआ हॅनिबलला मिळालंच. ते परत घ्यायला रोमला वेढा घालून बसावं लागलं, फौजेमागून फौज ओतून. पण लिडेल हार्टला आपल्या काळच्या सेनापतींना काही सांगायचं होतं. एकमेकांना विरोध करणारे दोन रोमन त्यानं एकाच शिकवणीसाठी शेजारी बसवले.

ऑगस्टसच्या काळाकडे जरा परत जायला हवं. त्यानं रोमच्या आपल्या चौकात जुन्या सेनापतींचे पुतळे आणि खाली त्यांच्या कामगिरीचे लेख बसवले होते. त्याच धर्तीचे दगड इतर शहरांनीही करून घेतले. तसा फेबियसचा एक दगड अरेत्सो शहरात, म्हणजे प्राचीन अरेटियममध्ये, सापडला. त्यावर सगळं आहे: पाच वेळा कॉन्सल, हॅनिबलला मागे मागे जाऊन आवरला, मिनुकियसच्या फौजेला वाचवलं म्हणून ‘बाबा’ म्हणवला गेला, टॅरेंटम घेतलं, आपल्या काळचा सर्वांत सावध सेनापती. सिपिओला केलेल्या विरोधाचा शब्द नाही. आता लिव्हीतली एक यादी बघा. इ.स.पू. २०५ मध्ये फेबियसच्या खटपटीमुळे सिपिओला पुरेसा पैसा मिळाला नाही, तेव्हा इटलीतल्या शहरांनी आपण होऊन मदत पाठवली. कोणी लाकूड दिलं, कोणी शिडांचं कापड, कोणी धान्य. यादीत सर्वांत मोठी देणगी एका शहराची आहे: तीन हजार ढाली, तितकीच शिरस्त्राणं, पन्नास हजार भाले, चाळीस जहाजांना पुरतील इतक्या कुऱ्हाडी, फावडी, विळे आणि जाती, शिवाय एक लाख वीस हजार मापं गहू. ते शहर अरेटियम.